शिरोड्याची मिठागरे : भरतीवर चालणारे यंत्र

समुद्राचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हात आटवणे हे मिठागराचे तत्त्व सर्वत्र एकच असले, तरी ते पाणी वाफ्यांपर्यंत चढवण्याची सोय प्रत्येक किनाऱ्याने आपापल्या परीने लावली. सिसिलीतील त्रापानी येथे भूमध्य समुद्राची भरती नाममात्र असल्यामुळे पवनचक्क्या उभारल्या गेल्या. त्यांचा फिरता आस मळसूत्री पंपाला जोडून पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात उचलले जाई, आणि काही चक्क्यांवर मीठही दळले जाई. अमेरिकेतील केप कॉडच्या किनाऱ्यावरही पवनचक्क्याच समुद्राचे पाणी ओढत.

जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोड्याला हा खटाटोप करावा लागला नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती, म्हणजे उधाण, खाडीचे पाणी आपोआप वर आणते. बांधातील फळ्यांचे दार तेव्हा उघडायचे आणि ओहोटी लागण्यापूर्वी लावायचे. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी तेवढे चढत नाही, म्हणून उधाणाचे पाणी आधी मोठ्या तळ्यात साठवून तेथून टप्प्याटप्प्याने उथळ वाफ्यांत सोडतात. वारा येथेही राबतो, पण चाक न फिरवता, बाष्पीभवनाला हातभार लावून.

खरे कसब वाफ्यात दिसते. वाफ्याची चिकणमाती पायांनी तुडवून घट्ट केली नाही, तर मीठ ओढताना चिखल वर येतो. समुद्राच्या पाण्यात क्षार सुमारे साडेतीन टक्के असतात. ते आटून साधारण दहाव्या हिश्श्यावर आले की मिठाचे स्फटिक धरू लागतात, पण त्याआधी जिप्सम खाली बसते आणि शेवटी मॅग्नेशियमचे क्षार असलेले कडू पाणी उरते. म्हणून पाणी कोणत्या वाफ्यात किती काळ ठेवावे आणि कडू पाणी केव्हा काढून टाकावे, यावरच मिठाची प्रत ठरते. पाऊस सुरू होताच हंगाम संपतो. केप कॉडकरांनी लाकडी टाक्यांवर सरकती छपरे बसवून पावसावर तोड काढली होती. कोकणातल्या पावसापुढे तो उपाय टिकला असता, असे वाटत नाही.

मे १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडण्यासाठी सत्याग्रही येथे जमले, आणि शिरोड्याचे नाव महाराष्ट्रभर झाले ते त्यामुळे. मीठ पिकवणाऱ्यांच्या कसबाकडे त्यामानाने फारच थोडे लक्ष गेले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यापासून शिरोडे त्यात मोडते, तेव्हा त्यापूर्वीचे कागद पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने रत्नागिरी जिल्ह्याचीच दप्तरे चाळावीत.