पावसात सिग्नल लाल का होतो?

सायन-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी चढलं की लोकल थबकते आणि डब्यात निदान होऊन जातं : सिग्नल बिघडला. त्या वेळी सिग्नल बहुधा आपलं काम चोख करत असतो.

रुळांचा ठरावीक तुकडा शेजारच्या तुकड्यांपासून विद्युतदृष्ट्या तोडलेला असतो. सांध्याशी वाकून पाहिलं तर दोन रुळांच्या टोकांमध्ये इन्सुलेशनची पातळ चकती दिसते. तुकड्याच्या एका टोकाला जेमतेम काही व्होल्टचा पुरवठा, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे प्रवाह मिळाला की उचलला जाणारा विजेवरचा स्विच. प्रवाह एका रुळातून रिलेपर्यंत जातो, दुसऱ्यातून परततो. रिले उचललेला, म्हणजे मार्ग मोकळा. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परततो, रिले पडतो, सिग्नल लाल. रूळ पूर्ण तुटला, तार निसटली, पुरवठा गेला, तरी लालच! अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने ही युक्ती, म्हणजे ट्रॅक सर्किट, १८७२मध्ये पेटंट केली. पावसात गाळाने भरलेली खडी भिजली की प्रवाह एका रुळातून दुसऱ्यात झिरपतो आणि रिलेला गाडी आल्यासारखंच वाटतं.

वजनाने सिग्नल बदलतो, हाही गैरसमजच. रेल्वेचे कर्मचारी ढकलत नेतात त्या ट्रॉलीची चाकं मुद्दाम इन्सुलेट केलेली असतात. चार माणसं बसली तरी रिले ढिम्म.

मग वरच्या तारेतून पेंटोग्राफमार्गे गाडीत येणारी वीज जाते कुठे? इंजिनात ‘संपत’ नाही. काम करून ती चाकांवाटे रुळांत उतरते आणि सबस्टेशनकडे परतते. ओव्हरहेड वायरवर २५,००० व्होल्ट असले, तरी जमिनीशी जोडलेल्या रुळांचा दाब सहसा अगदी कमी असतो. (म्हणून रुळांवर चालावं असं मात्र नाही.)

एकाच रुळात दोन प्रवाह, तर रिले गोंधळत कसा नाही? दोन्हींचा प्रकार वेगळा ठेवतात. मुंबईत १९२५पासून गाड्या १५०० व्होल्ट डीसीवर धावत, म्हणून ट्रॅक सर्किट एसीची. एसी ट्रॅक्शनखाली उलट, डीसी सर्किट सर्रास वापरतात. त्यामुळे २०१६पर्यंत टप्प्याटप्प्याने २५ केव्ही एसी आणताना नुसत्या तारा बदलून भागलं नाही. सिग्नलची सर्किटंही बदलावी लागली.

खरी भीती खोट्या लालची नाही, उलट प्रकारची. क्वचित वापरल्या जाणाऱ्या साइडिंगवर रूळ गंजले, तर चाक आणि रूळ यांचा विद्युतसंपर्क नीट होत नाही आणि उभी गाडी असूनही रिले उचललेला राहू शकतो. ट्रॅक सर्किटऐवजी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅक्सल काउंटरला हा धोका नाही : आत किती आस गेले, बाहेर किती आले, एवढंच तो मोजतो.