रोग रेड्याला, औषध पखालीला

फिजिओथेरपिस्ट मंडळींनी आपल्या नावाआधी ‘डॉ.’ ही उपाधी लावू नये, असे फर्मान केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले, त्यावर इतकी शाई खर्ची पडली आहे की त्या दाव्यात आणखी एक कैफियत दाखल करण्याची प्रस्तुत लेखकाला हौस नाही. ज्याच्या पाटीवर काय असावे याची एवढी चिकित्सा झाली, त्याच्या हातांना काय येते, हे मात्र कोणी विचारल्याचे दिसले नाही. आणि त्याचे उत्तर गुडघ्याखांद्यांपलीकडे, ज्या अवयवांची नावे चारचौघांत घेतली जात नाहीत तेथे शोधावे लागते.

मूत्राशय भरू लागला की ओटीपोटात कळ उठते, रिकामा झाला की ती घटकाभर शमते, रात्रंदिवस लघवीला धावावे लागते, आणि तरीही तपासणीत जंतू म्हणून सापडत नाही, अशी तक्रार घेऊन वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या स्त्रियांच्या (पुरुषही यातून सुटलेले नाहीत) पदरी बहुधा प्रतिजैविकांची आणखी एक पट्टी आणि ‘मनाला लावून घेऊ नका’ हा फुकटचा उपदेश पडतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण येथे जवळजवळ शब्दशः लागू व्हावी, हे विलक्षण आहे. कारण यांतील पुष्कळ जणींच्या बाबतीत त्या पखालीला खालून तोलून धरणारे, जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले श्रोणितलाचे स्नायू अखंड आवळलेले असतात, आणि तेथे बोट टेकताच ‘हेच ते दुखणे’ असे रुग्ण आपण होऊन सांगते.

यावर फिजिओथेरपिस्ट करतो त्या उपचारात चमत्कार काहीच नाही. रुग्णाची संमती घेऊन ओटीपोट, मांड्या व नितंब यांचे, आणि योनिमार्गातून किंवा गुदमार्गातून श्रोणितलाचे स्नायू बोटाने सावकाश दाबून सैल करायचे. माकडहाडाच्या दुखण्यावर असे मर्दन जॉर्ज थील यांनी १९३७ सालीच सांगितले होते. परंतु मर्दनाने कोणाला बरे वाटत नाही? या रास्त शंकेचा निवाडा करण्यासाठी उत्तर अमेरिकेतील ११ केंद्रांनी जी युक्ती योजली, ती मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुरेख गोष्ट वाटते : मूत्राशयाचे हे दुखणे असलेल्या ८१ स्त्रियांपैकी काहींना हा उपचार आणि उरलेल्यांना तितक्याच बैठकांचा सर्वांगाचा साधा मसाज. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या गटातील ५९ टक्के स्त्रियांनी चांगला उतार पडल्याचे सांगितले, दुसऱ्यातील २६ टक्क्यांनी. उत्साहाला लगाम घालणारी नोंदही त्याच दप्तरात आहे : वेदना आणि लघवीची घाई यांचे मोजलेले गुण दोन्ही गटांत उतरले, आणि त्यांत लक्षणीय तफावत निघाली नाही. तरीही, रुग्ण स्वतः काय म्हणते याला मी अधिक वजन देईन.

खरा संताप येतो तो ‘केगेल करा’ या सरसकट सल्ल्याचा. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली श्रोणितल आवळण्याचा तो व्यायाम सांगितला तो बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी; मुठीसारख्या वळलेल्या स्नायूला आणखी आवळण्याची तालीम देणे म्हणजे निरगाठ सोडवण्यासाठी दोरीची दोन्ही टोके ओढणे होय. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनने या दुखण्यात असे व्यायाम टाळावेत म्हणून २०११ सालीच बजावले असताना, आपल्याकडे मोबाइलवरील चित्रफीत पाहून बायका ते इमानेइतबारे करीत बसतात, आणि दुखणे वाढले की आपलेच काही चुकले असेल असे समजून दुप्पट करतात.