चुंबकाची लेखणी

मुलांनो, लोहचुंबक टाचण्या ओढून घेतो, हे तुम्ही पाहिलेच आहे. परंतु तो लेखणीचेही काम करतो. १८९८ साली डेन्मार्कमधील वाल्डेमार पॉल्सेन यांनी पोलादी तारेवर चुंबकाच्या योगे आवाज नोंदविला. पुढे ध्वनिफिती व संगणकाच्या हार्ड डिस्क याच तत्त्वावर निर्माण झाल्या. त्यांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म भागांच्या चुंबकीय दिशा हीच त्यांची लिपी होय. ध्वनिफितीस प्रबळ चुंबक लावल्यास या दिशा बदलतात व आवाज पुसला जातो. हार्ड डिस्क पुसण्यास याहून पुष्कळ प्रबळ चुंबक लागतो. मेमरी कार्डात मात्र विद्युतप्रभाराच्या रूपाने नोंद होते; म्हणून त्यास साध्या चुंबकाचे भय नसते. घरात आजोबांच्या आवाजाची जुनी ध्वनिफीत असल्यास ती चुंबकापासून दूर ठेवावी. पुसलेला आवाज पुन्हा मिळत नाही.