शून्य बाइट्स दिसले, तरी डेटा जागेवरच आहे

पोस्टग्रेस डेटाबेसची अठरावी आवृत्ती २५ सप्टेंबर २०२५ रोजी आली आणि चर्चा झाली ती असिंक्रोनस आय-ओची, वेगाची. पीएसक्यूएल या त्याच्या कमांड-लाइन साधनातल्या एका छोट्या सुधारणेकडे फारसं कुणी पाहिलं नाही. याद्या दाखवणाऱ्या कमांडला आता शेवटी 'एक्स' जोडला, की स्क्रीनबाहेर पळणारे कॉलम एकाखाली एक वाचता येतात. पार्टिशन सांभाळणाऱ्यांना याचं मोल कळेल.

पार्टिशन केलेल्या टेबलवर नवखा माणूस 'बॅकस्लॅश डीटी प्लस' चालवतो आणि आकार शून्य बाइट्स पाहून हादरतो. मूळ टेबलात ओळी नसतातच, त्या पार्टिशनमध्ये असतात. एकत्रित आकार 'डीपी प्लस' सांगते, त्यातला 'पी' कॅपिटल. 'एन' जोडला की पोटपार्टिशन केलेली टेबलंही दिसतात. ही कमांड मिळाली २०१९ मध्ये, बाराव्या आवृत्तीत. डिक्लेरेटिव्ह पार्टिशनिंग मात्र २०१७ पासूनच होतं. मधली दोन वर्षं लोक कॅटलॉगवर स्वतःच क्वेऱ्या लिहीत होते. सोयीबरोबर ती पाहण्याची खिडकीही त्याच दिवशी द्यायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

मधल्या अकराव्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये पार्टिशनवाइज जॉइनपुढे आशुतोष बापट आणि पार्टिशन-की बदलल्यावर ओळ योग्य पार्टिशनमध्ये हलवण्याच्या कामापुढे अमित खांडेकर ही नावं आहेत. ती वाचून मला मनापासून अभिमान वाटला.

माझा खरा आग्रह मात्र टेबलची पार्टिशनं त्यांच्या मर्यादांसह दाखवणाऱ्या साध्या 'डी प्लस'साठी आहे. पार्टिशनच्या नावावर कधीच विसंबू नये. नावात जानेवारी असेल, पण ओळ कुठे जाणार हे ठरवते ती समोरची 'पासून–पर्यंत' मर्यादा, आणि त्यातली 'पर्यंत'ची तारीख धरली जात नाही. यादीत 'डिफॉल्ट' दिसलं तर जास्तच सावध व्हावं. नव्या महिन्याचं पार्टिशन करायला कुणी विसरलं, तर डिफॉल्ट नसताना इन्सर्ट ताबडतोब एरर देतं आणि चूक उघडी पडते. डिफॉल्ट असेल तर ओळी गुपचूप तिथे साचतात. मग उशिरा जानेवारीचं पार्टिशन करायला जावं, तर त्या ओळींमुळेच पोस्टग्रेस नकार देतं. आधी त्या बाहेर काढाव्या लागतात, तेही चालू सिस्टिमवर.

डिसेंबर लागताच प्रत्येक मोठ्या टेबलवर 'डी प्लस' चालवा. सगळ्यात पुढची मर्यादा १ जानेवारीलाच संपत असेल, तर पुढचं पार्टिशन त्याच दिवशी करून टाका.