चार शब्दांची जुडी

वाशीम हा सोयाबीन-तुरीचा जिल्हा. या पिकांवरचे कृषी पदव्युत्तर प्रबंध चाळले, की इंग्रजी मजकुरात दोन ओळखीचे तुकडे हमखास भेटतात: ‘वॉज फाउंड ॲट पार विथ’ आणि ‘सिग्निफिकंटली सुपीरिअर ओव्हर रेस्ट ऑफ द ट्रीटमेंट्स’. दोन उपचारांच्या उत्पादनातला फरक ‘सीडी’च्या, म्हणजे क्रिटिकल डिफरन्सच्या आत राहिला की ते ‘ॲट पार’. बाहेर गेला की वरचढ तो ‘सुपीरिअर’. विद्यार्थी हे तुकडे घडवत नाही. ते मार्गदर्शकाच्या प्रबंधातून येतात, त्याच्याकडे त्याच्या मार्गदर्शकाच्या.

मेथीच्या जुडीसारख्या एकत्रच मिळणाऱ्या अशा शब्दांना भाषाशास्त्रात ‘लेक्सिकल बंडल’ म्हणतात. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या लाँगमन व्याकरणाने ही संज्ञा रूढ केली. कसोटी अर्थाची नाही, मोजणीची: दहा लाख शब्दांत किमान दहा वेळा, तेही निदान पाच वेगवेगळ्या लेखनांत. तहसीलला अर्ज करणाऱ्याला अशा जुड्या शिकवाव्या लागत नाहीत. ‘वरील विषयास अनुसरून’ हात आपोआप लिहितो.

इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांच्या लेखनावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यांत वारंवार आढळतं ते असं, की त्यांच्याकडच्या जुड्या मोजक्या, आणि त्यांतल्या लाडक्या सतत वापरात. ‘ऑन द अदर हँड’ येतं, पण विरोध कशाशी ते सापडत नाही. ‘दि एक्स्टेंट टु विच’सारख्या नामप्रधान जुड्या मात्र अनुभवी संशोधकांकडे जास्त दिसतात. माझ्या मते दोष मुलांचा कमी, ‘लिंकिंग वर्ड्स’ची यादी पाठ करून घेणाऱ्या नोट्सचा जास्त.

पण मोजायचं कोणत्या मापानं? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा संग्रह तयार झाला. १९७८ मधले ५०० उतारे, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे. १९८६ मध्ये तो अभ्यासकांना खुला झाला. अमेरिकन आणि ब्रिटिश संग्रहांशेजारी आपलं इंग्रजी ठेवून पाहायची सोय त्यामुळे झाली. म्हणून ‘सुपीरिअर ओव्हर’ला मी अडाणीपणा म्हणणार नाही, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ते कुणालाही कळतं. परदेशी नियतकालिकाला पाठवताना मात्र ‘सुपीरिअर टु द रेस्ट’ करावं. आणि ‘ॲट पार’ काढावंच; तिकडे ते दर्शनी किमतीच्या रोख्यांना लावतात. ‘नॉट सिग्निफिकंटली डिफरंट फ्रॉम’ लिहिलं की काम भागतं.

खरा घोळ वाङ्मयचौर्याच्या धास्तीनं होतो. साम्याचा टक्का खाली आणायचा म्हणून रूढ शब्दांच्या जागी कोशातले समानार्थी कोंबले जातात. ग्वियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे शोधनिबंध उघडे पाडले, तेव्हा ‘आर्टिफिशिअल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेलं निघालं! वास्तविक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं सामान्य वा योगायोगाचं साम्य वगळायचं आहे. चार शब्दांच्या जुडीला घाबरायचं कारणच नाही.

अशा जुड्या शोधायला वासेदा विद्यापीठाच्या लॉरेन्स अँथनी यांचं ‘अँटकाँक’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ज्या नियतकालिकात छापून यायचंय, त्यातले तीस-चाळीस निबंध साध्या टेक्स्टमध्ये साठवा, ‘एन-ग्रॅम’मध्ये आकडा चार ठेवा, आणि निदान पाच निबंधांत आलेल्याच जुड्या निवडा. प्रत्येक जुडी निबंधाच्या कुठल्या भागात, कुठल्या वाक्यात येते तेही पाहा.