अलाइनर वापरताय? मग चहाचं गणित आधी जमवा

आज अलाइनरबद्दल बोलू. एक ट्रे दात साधारण ०.२५ मिलिमीटर सरकवतो, तोही दिवसाचे २०-२२ तास तोंडात असेल तरच. म्हणजे खाणं, चहा, ब्रश धरून हातात उरतात जेमतेम दोन-चार तास. म्हणून ऑफिसातला चहा मी जेवणाला जोडूनच घेतो. ट्रे घालून चहा प्यायलात तर डाग पडतात, शिवाय साखर आत अडकते. तिथे लाळ नीट पोचत नाही, मग कीड. धुवायला गार पाणी, मऊ ब्रश. गरम पाण्याने प्लास्टिकचा आकार बिघडतो, टूथपेस्टने चरे पडतात. काढला की थेट डबीत. टिश्यूत गुंडाळलेला ट्रे हमखास कचऱ्यात जातो. आणि हो, आधीचा ट्रे जपून ठेवा. चालू ट्रे हरवलाच, तर डेंटिस्ट नवा देईपर्यंत दात मागे सरकू नयेत म्हणून तोच कामी येतो.