इंजिनाविना धावणारी गाडी

आम्हा टिळकवाडीकरांना आगगाडीचे अप्रूप ते काय? पहिल्या आणि दुसऱ्या रेल्वे गेटपाशी ताटकळत आमचे निम्मे आयुष्य सरले. तरीही काही वर्षांपूर्वी खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात बारा वर्षांच्या नातवाने ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरकडे बोट दाखवून विचारले, “आजोबा, हिचं इंजिन कुठे आहे?” आणि मी निरुत्तर झालो. माझ्या हृदयवाहिनीत दोन स्टेंट असल्याने मी खाली बाकावर बसलो. तो मात्र आईवडिलांसह वर गेला. ती काही मिनिटे मला फार दीर्घ वाटली. घरी परतल्यावर या विषयाचे जे वाचन केले, त्याचे सार येथे मांडतो.

या गाडीला इंजिन नसतेच. चढावर रुळांच्या मधोमध फिरणारी साखळी तिला वर ओढते. त्या वेळी ऐकू येणारा ‘खट्‌ खट्‌’ आवाज हा दातेरी पट्टीवर पडणाऱ्या खिट्टीचा असतो. साखळी तुटली तरी ही खिट्टी गाडीला मागे घसरू देत नाही. माथ्यावर साखळीचे काम संपते. पुढे सारे गुरुत्वाकर्षणाच्या हाती. सुमारे ४० मीटर उंचीवरून घर्षणाविना उतरल्यास वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर होतो. त्यात प्रवाशांच्या वजनाचा संबंध नसतो. घर्षण आणि हवेचा विरोध यांत ऊर्जा खर्च होत असल्याने, पुन्हा बळ दिल्याविना गाडी पहिल्या उंचीवर चढू शकत नाही. रुळांच्या वर, बाजूला व खाली अशी तिन्ही अंगांनी चाके असल्याने ती उलटी होऊनही रूळ सोडत नाही.

आता थांबण्याविषयी. ब्रेक बहुधा गाडीत नसून मार्गावर असतात. गाडीच्या तळाशी असलेली धातूची पट्टी मार्गावरील जबड्यांत पकडली जाते. सुरक्षित रचनेत हे जबडे मुळात मिटलेलेच असतात. ते उघडण्यासाठी हवेचा दाब लागतो. वीज गेली, दाब उतरला, की ब्रेक आपोआप लागतात. काही ठिकाणी स्थायी चुंबकांमधून तांब्याची वा अॅल्युमिनियमची पट्टी जाते. धातूत भोवरी प्रवाह निर्माण होऊन वेग मंदावतो. त्याला वीज लागत नाही. तथापि वेग घटला की हा विरोधही घटतो, म्हणून अखेर पूर्ण थांबवण्यास घर्षणाचा ब्रेक हवाच. शिवाय मार्गाचे विभाग पाडलेले असतात. पुढचा विभाग रिकामा झाल्याविना मागच्या गाडीला त्यात प्रवेश मिळत नाही.

हेच तत्त्व आपल्या परिसरातही आहे. लोंढ्यापलीकडे कॅसलरॉक ते कुळे हा घाट दर ३७ फुटांना १ फूट असा उतरतो. चढताना जादा इंजिने जोडावी लागतात, तर उतरण्यापूर्वी कॅसलरॉकला ब्रेक तपासले जातात. आगगाडीच्या नळीतील हवेचा दाब ब्रेक लावत नाही, तो ब्रेक सोडवून ठेवतो. डबे तुटून नळी फाटली, तर ते जागच्या जागी जखडले जातात. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७२ च्या सुमारास ही स्वयंचलित रचना सिद्ध केली.

वैद्यकबंधूंनो, बिघाड होताच थांबणारे यंत्र माणसाने घडवले. आपल्या देहात मात्र अशी सोय नाही. त्या झोक्यात वजन तिपटीहून अधिक भासू शकते, नाडी धावते, रक्तदाब चढतो, मानेला हिसके बसतात. उद्यानातील फलक हृदयरोगी, उच्च रक्तदाबाचे रुग्ण, गर्भवती व मान-पाठीचे विकार असणाऱ्यांना मनाई करतो. परंतु रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाचा रक्तदाब तेथे कोणी मोजत नाही. तेव्हा मे महिन्यात सहलीला निघालेले कुटुंब दवाखान्यात आले, तर तो प्रश्न आपणच विचारावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांना आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना तर आवर्जून थांबवावे.

नातू हसत खाली उतरला, तेव्हा मी नकळत मनगटावर बोटे ठेवून स्वतःची नाडी मोजत होतो. बाकावर बसूनही ती शंभराच्या पुढे गेली होती!